विश्लेषण : हमिंगबर्डची बाग आणि जंगलाची राखण... ब्राझीलच्या आगुस्तो रुस्की यांची कहाणी काय सांगते?

ब्राझीलमधील एका डोंगरी गावात बसून आगुस्तो रुस्की यांनी जवळपास अर्धे शतक हमिंगबर्डचे निरीक्षण केले. त्यांनी घराच्या बागेत संग्रहालय उभारले, जंगलासाठी थेट राज्य सरकारशी दोन हात केले आणि त्यांच्या शेवटच्या आजारपणाची चर्चा देशभर झाली. मृत्यूनंतर त्यांचे चित्र चलनी नोटेवर आले. पुढे मात्र त्यांच्या अनेक नोंदींवर शास्त्रज्ञांनीच प्रश्नचिन्ह उभे केले. मग रुस्की यांच्या कामातले खात्रीचे किती आणि त्यांचा खरा वारसा कोणता?

आगुस्तो रुस्की कोण होते?

ब्राझीलच्या आग्नेय किनाऱ्यावर एस्पिरितो सांतो नावाचे छोटे राज्य आहे. त्याची राजधानी विटोरिया. तेथून सुमारे ८० किलोमीटर आत, समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर सांता तेरेसा हे गाव वसले आहे. १८७०च्या दशकात उत्तर इटलीतून आलेल्या स्थलांतरितांनी जंगल साफ करून ते वसवले. अशाच एका इटालियन वंशाच्या मोठ्या कुटुंबात १२ डिसेंबर १९१५ रोजी रुस्की यांचा जन्म झाला. आडनावाचा उच्चार इटालियन पद्धतीने ‘रुस्की’ असा होतो.

त्यांनी शिक्षण कृषिशास्त्राचे घेतले, पुढे कायद्याची पदवीही मिळवली. या दोन्हींचा उपयोग त्यांना आयुष्यभर झाला. कृषिशास्त्राने झाडे आणि किडी ओळखायला शिकवले, तर कायद्याने सरकारी कागद वाचायला. सुरुवातीला त्यांचा ओढा ऑर्किडकडे होता. रिओ दि जानेरोच्या राष्ट्रीय संग्रहालयातील प्राणिशास्त्रज्ञ कांदिदो दे मेल्लो लेतांव यांच्याशी त्यांचा संबंध आला आणि ते संशोधनाच्या वर्तुळात दाखल झाले. मेल्लो लेतांव कोळी आणि विंचवांचे तज्ज्ञ होते. १९४८मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, २६ जून १९४९ रोजी, रुस्की यांनी सांता तेरेसातील कुटुंबाच्या बागायतीत आपल्या या गुरूच्या नावाने जीवशास्त्र संग्रहालय सुरू केले. रिओसारख्या महानगरात नोकरी असूनही काम गावातूनच करायचे, हा निर्णय त्यांच्या आयुष्याला दिशा देणारा ठरला.

सांता तेरेसाला हमिंगबर्डचे गाव का म्हणतात?

हमिंगबर्ड भारतात नाहीत. जगभरात त्यांच्या साडेतीनशेहून अधिक प्रजाती आहेत आणि त्या सगळ्या अमेरिका खंडांत व आसपासच्या बेटांवर आढळतात. महाराष्ट्रातील बागांत जास्वंदीवर, पांगाऱ्यावर लटकून मध पिणारा शिंजीर हा वेगळ्या कुळातील पक्षी. दोघांचे खाद्य सारखे असल्याने चोच आणि जीभ साधारण सारखी घडली, पण नाते दूरचे. मुख्य फरक उडण्यात आहे. शिंजीर बहुधा फांदीवर किंवा देठावर बसून मध पितो. हमिंगबर्ड फुलासमोर हवेत स्थिर राहतो, मागे सरकतो आणि निघून जातो. पोर्तुगीज भाषेत त्याला फुलाचे चुंबन घेणारा अशा अर्थाचे नाव आहे.

अटलांटिक महासागरावरून येणारे दमट वारे एस्पिरितो सांतोच्या डोंगरांना अडतात. त्यामुळे सांता तेरेसाच्या परिसरात धुके आणि पाऊस यांची कमतरता नसते. सह्याद्रीच्या घाटमाथ्याशी तुलना करता येईल, पण येथे ओलावा वर्षातील अधिक काळ टिकतो. झाडांच्या फांद्यांवर शेवाळ, नेचे, ऑर्किड आणि ब्रोमेलियाड दाटीवाटीने वाढतात. ब्रोमेलियाड म्हणजे अननसाच्या कुळातील वनस्पती. पोर्तुगीजांमार्फत भारतात आलेला अननस मूळचा दक्षिण अमेरिकेचाच. तेथे त्याच्या फुलांचे परागीभवन हमिंगबर्ड करतात.

या भागातील वृक्षवैविध्य किती आहे, याचा अंदाज एका आकड्यावरून येतो. सांता तेरेसाजवळच्या सांता लुसिया जंगलात १९९०च्या दशकात झालेल्या मोजणीत जेमतेम एक हेक्टर क्षेत्रात चारशेहून अधिक प्रजातींची झाडे आढळली. प्रत्येक झाडाचा, वेलीचा फुलण्याचा काळ निराळा. त्यामुळे मध पिणाऱ्या पक्ष्यांना वर्षभर कुठे ना कुठे अन्न मिळते. उंचीत थोड्या अंतरावर मोठा फरक पडत असल्याने काही पक्षी ऋतूनुसार खाली-वर सरकतात. गावातील एकाच बागेत वेगवेगळ्या महिन्यांत वेगवेगळे पाहुणे दिसतात, त्याचे कारण हेच.

बागेत बसून नेमके काय पाहायचे?

मध पिणाऱ्या पक्ष्यांचे निरीक्षण म्हणजे केवळ नावांची यादी करणे नव्हे. कोणता पक्षी कोणत्या फुलावर आला, किती वाजता, किती वेळ थांबला, त्याने चोच समोरून घातली की फुलाला बुडाशी भोक पाडले, त्याच्या कपाळावर किंवा गळ्यावर पराग लागला का आणि त्याला कुणी हुसकावले का, हे सारे टिपावे लागते. अशा नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या तर फूल आणि पक्षी यांच्यातील देवाणघेवाणीचे चित्र हळूहळू स्पष्ट होते.

सांता तेरेसाच्या बागांत दिसणाऱ्या पक्ष्यांवरून हे समजून घेता येते. येथे कात्रीसारखी शेपटी असलेला निळा-हिरवा हमिंगबर्ड सर्रास दिसतो. शेपटीसह त्याची लांबी १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त भरते. हा दांडगा पक्षी. एखादे फुललेले झाड तो आपले मानतो आणि दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही. काळा-पांढरा जॅकोबिन थव्याने आला की मात्र त्याला सगळ्यांना हाकलणे जमत नाही. कॉकेट नावाचा, जेमतेम तीन ग्रॅम वजनाचा हमिंगबर्ड भांडणात पडत नाही. मोठ्यांचे लक्ष नसलेली बारीक फुले तो गाठतो. हर्मिट गटातील पक्ष्यांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांची चोच लांब आणि वाकडी असते. रंग तपकिरी, त्यामुळे जंगलाच्या सावलीत ते सहसा नजरेत येत नाहीत. ते एका झाडाची राखण करत बसत नाहीत. हेलिकोनियासारख्या विखुरलेल्या फुलांचा ठरलेला फेरा ते रोज मारतात. पोस्टमनने ठरलेली घरे घ्यावीत तसा हा प्रकार. असा फेरा मारणारा पक्षी एका ठिकाणचे पराग दूरच्या झाडापर्यंत नेतो, म्हणून जंगलासाठी त्याचे महत्त्व अधिक.

डोंगरातील थंड, ओल्या हवेत हमिंगबर्डचे जगणे हिशेबाचे असते. पंखांची हालचाल इतकी वेगवान की दिवसभरात त्याला स्वतःच्या वजनाहून अधिक मध प्यावा लागतो. हृदयाचे ठोके मिनिटाला हजारापलीकडे जातात. रात्री अन्न मिळत नाही आणि गारठा वाढतो. अशा वेळी अनेक हमिंगबर्ड शरीराचे तापमान एकदम खाली आणून गुंगीत रात्र काढतात. म्हणून पहाटेची आणि मावळतीची वेळ निरीक्षणासाठी महत्त्वाची. रात्रीची भूक भागवण्यासाठी आणि रात्रीची बेगमी करण्यासाठी त्या वेळी फुलांवर गर्दी होते. पावसाने फुलातील मध पातळ होतो, म्हणून खाली तोंड करून लोंबणाऱ्या फुलांना अशा हवेत फायदा मिळतो.

रुस्की यांनी या सगळ्या बाजूंवर लिहिले. घरटी, अंडी, पिल्लांचे संगोपन, माद्यांसमोर नरांचे उडणे, फुलांची निवड हे त्यांचे विषय. संग्रहालयाच्या पत्रिकेत वर्षानुवर्षे बहुतांश लेखन त्यांचेच असे. १९८२मध्ये एस्पिरितो सांतोच्या हमिंगबर्डवर त्यांचे स्वतंत्र पुस्तक आले. ऑर्किड आणि वटवाघळे यांवरही त्यांनी बरेच काम केले.

साखरपाण्याच्या बाटलीशी त्यांचे नाव कसे जोडले गेले?

ब्राझीलमध्ये घरोघरी खिडकीत, ओसरीत उलट्या टांगलेल्या बाटल्या दिसतात. खाली प्लास्टिकची रंगीत फुले असतात आणि आत साखरेचे पाणी. बाटली लोकप्रिय करण्याचे मोठे श्रेय रुस्की यांना दिले जाते. त्यांच्यासाठी ती शोभेची वस्तू नव्हती. जंगलात क्षणभर दिसून नाहीसा होणारा पक्षी बाटलीमुळे पुन्हा पुन्हा एका जागी येतो. त्याची चोच, पिसे, वागणूक जवळून पाहता येते. संग्रहालयाच्या मोठ्या पिंजऱ्यात त्यांनी देशाच्या इतर भागांतून आणलेले हमिंगबर्डही पाळले आणि त्यांना काय खाऊ घालावे याचे प्रयोग केले. नुसत्या साखरेवर हा पक्षी जगत नाही. प्रथिनांसाठी त्याला चिलटे, कोळी यांसारखे बारीक जीव लागतात.

बाटलीचे दोन्ही परिणाम आहेत. एक भाग साखर आणि चार भाग पाणी हे प्रमाण नैसर्गिक मधाच्या जवळ जाते. पाणी रोज बदलले, बाटली घासून धुतली तर सहसा त्रास होत नाही. पाणी आंबले किंवा त्यात मध घातला तर बुरशी वाढते आणि ती पक्ष्यांसाठी घातक ठरू शकते. निरीक्षणाच्या दृष्टीनेही मर्यादा आहे. बाटलीवरचा पक्षी फुलावरच्या पक्ष्यासारखा वागतोच असे नाही. न संपणाऱ्या अन्नाभोवती दांडग्या प्रजातींची मक्तेदारी होते, हर्मिटसारखे जंगलातील पक्षी तुलनेने कमी दिसतात. म्हणजे बागेतील नोंद जंगलातील नोंदीची जागा घेऊ शकत नाही.

जगाने दखल कशी घेतली?

अमेरिकेतील रसायन उद्योग ड्यूपाँटचे अध्यक्ष क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांना हमिंगबर्डचे वेड होते. अतिशय कमी कालावधीच्या प्रकाशझोताचा वापर करून त्यांनी उडत्या हमिंगबर्डची छायाचित्रे टिपली. पंख जागच्या जागी गोठल्यासारखे दाखवणारी अशी छायाचित्रे त्या काळी नवलाची होती. या कामासाठी ब्राझीलमध्ये त्यांना रुस्की यांची मदत झाली. १९६०मध्ये ग्रीनवॉल्ट यांचे हमिंगबर्डवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे १९७२मध्ये रुस्की यांनी वर्णन केलेल्या एका हर्मिटला ग्रीनवॉल्ट यांच्या पत्नी मार्गारेटा यांचे नाव दिले. परदेशी पाहुणे, छायाचित्रकार, प्राणिसंग्रहालयांचे तज्ज्ञ सांता तेरेसाला येऊ लागले. गाव हमिंगबर्डची भूमी म्हणून ओळखले जाऊ लागले.

सरकारशी संघर्ष कशावरून पेटला?

सांता तेरेसाजवळून तिंबुई नदी वाहते. तिच्या काठी सांता लुसियाचे सुमारे ४४० हेक्टर जंगल आहे. रुस्की यांच्या प्रयत्नांतून ते संशोधनासाठी राखले गेले होते. १९७७मध्ये राज्य सरकारने या जंगलावर हक्क सांगितला. तेथे पाम झाडांच्या खाण्यायोग्य गाभ्याचा उद्योग उभा करण्याचा बेत होता. माडाच्या शेंड्यातील कोवळ्या कोंबासारखा हा गाभा असतो. तो काढला की झाड मरते. या पामची फळे टुकान आणि इतर अनेक पक्ष्यांचे अन्न आहे.

काळ लष्करी राजवटीचा होता. १९६४ ते १९८५ या काळात ब्राझीलमध्ये सत्तेला उघड विरोध करणे सोपे नव्हते. गव्हर्नर एल्सिओ आल्वारिस हेही लोकांनी थेट निवडून दिलेले नव्हते. तरीही रुस्की मागे हटले नाहीत. त्यांनी कायदेशीर हरकती घेतल्या, वृत्तपत्रांकडे धाव घेतली आणि प्रकरण देशभर गाजवले. जंगल वाचवण्यासाठी त्यांनी बंदूक दाखवली, असाही किस्सा ब्राझीलमध्ये आजवर सांगितला जातो. अखेर सरकारला माघार घ्यावी लागली. सांता लुसिया वाचले. संग्रहालयातला पक्षीतज्ज्ञ एका रात्रीत राष्ट्रीय पातळीवरचे नाव झाला. ब्राझीलमधील पर्यावरण चळवळीच्या सुरुवातीच्या विजयांत या लढ्याचा उल्लेख होतो.

त्याच सुमारास एस्पिरितो सांतोच्या उत्तर किनाऱ्यावर कागदाच्या लगद्यासाठी निलगिरीची मोठी लागवड सुरू झाली होती. तिलाही रुस्की यांनी विरोध केला. त्यांचा मुद्दा साधा होता. परक्या मुलखातील एकाच जातीची, एकाच वयाची झाडे रांगेत लावली तर ती हिरवी दिसतात, पण तेथे मूळ जंगलातील वेली, ब्रोमेलियाड आणि बारमाही फुले राहत नाहीत. ती गेली की त्यांवर जगणारे पक्षीही जातात. शेतात फवारल्या जाणाऱ्या कीटकनाशकांबाबतही त्यांनी इशारे दिले. भारतात निलगिरी आणि एकसुरी वृक्षलागवडीवर जो वाद पुढे झाला, त्याच्याशी या युक्तिवादाचे साम्य आहे.

शेवटचा आजार इतका का गाजला?

रुस्की यांना दीर्घकाळ यकृताचा त्रास होता. १९७०च्या दशकात अमेझॉनच्या उत्तरेकडील अमापा प्रदेशात काम करताना त्यांनी विषारी बेडूक हाताळले होते. त्या विषामुळेच आपली प्रकृती ढासळली, असे त्यांचे मत होते. जानेवारी १९८६मध्ये अध्यक्ष जोझे सार्नी यांच्या पुढाकाराने कायापो जमातीचे प्रमुख राओनी आणि कामायुरा जमातीचे वैदू सापाइम रिओ दि जानेरोला आले. तीन दिवस धुराचे, वनस्पतींचे आणि मंत्रांचे उपचार झाले. देशभरच्या दूरचित्रवाणी आणि वृत्तपत्रांनी ते दाखवले. ज्या जंगलांसाठी रुस्की लढले त्या जंगलातील माणसे त्यांना बरे करायला आली, ही गोष्ट लोकांच्या मनाला भिडली. आदिवासींचे ज्ञान आणि आधुनिक वैद्यक यांवर घराघरांत चर्चा झाली.

वैद्यकीय मत वेगळे होते. अशा बेडकांचे विष प्रामुख्याने मज्जातंतू आणि स्नायूंवर परिणाम करते आणि ते लवकर दिसतो. कित्येक वर्षांनी यकृत निकामी करणारे विष म्हणून ते ओळखले जात नाही. उपचारांनंतर काही काळ रुस्की यांनी बरे वाटत असल्याचे सांगितले, पण आजार हटला नाही. ३ जून १९८६ रोजी विटोरियात त्यांचे निधन झाले. ५ जून रोजी, जागतिक पर्यावरण दिनी, सांता लुसियाच्या जंगलात त्यांचे दफन करण्यात आले. नऊ वर्षांपूर्वी जे जंगल हातचे जाणार होते, तेथेच.

त्यांच्या नोंदींवर शंका का घेतली जाते?

मृत्यूनंतर सन्मान चालून आले. १९९०च्या सुमारास ५०० क्रुझादो नोवोच्या नोटेवर रुस्की, ऑर्किड आणि हमिंगबर्ड झळकले. महागाईच्या तडाख्यात ते चलनच लवकर बाद झाले. १९९४मध्ये कायद्याने त्यांना ब्राझीलच्या पर्यावरणशास्त्राचे आद्यपुरुष मानण्यात आले. मात्र पक्षीशास्त्रज्ञांनी त्यांचे जुने लेखन तपासायला घेतले तेव्हा अडचणी पुढे आल्या.

पहिली अडचण नव्या प्रजातींची. १९७३मध्ये रुस्की यांनी जर्मन प्राणिशास्त्रज्ञ बर्नहार्ड ग्रझिमेक यांच्या नावाने एक नवा हर्मिट जाहीर केला. नंतरच्या अभ्यासात तो आधीपासून माहीत असलेल्या प्रजातीचा अल्पवयीन पक्षी असल्याचे दिसून आले. हर्मिटमध्ये वयानुसार पिसांत फरक पडतो, त्यामुळे अशी चूक होऊ शकते. त्यांनी दिलेली इतरही काही नावे शास्त्रात टिकली नाहीत. मार्गारेटा यांच्या नावाचा हर्मिट मात्र निदान उपप्रजाती म्हणून टिकून आहे.

दुसरी अडचण पुराव्याची. पक्षी अमुक ठिकाणी आढळला असे म्हणायचे तर जतन केलेला नमुना, त्यावर तारीख-ठिकाणाची चिठ्ठी, छायाचित्र किंवा आवाजाचे ध्वनिमुद्रण लागते. एस्पिरितो सांतोच्या पक्ष्यांची रुस्की यांची १९५३ची यादी फर्नांडो पाचेको आणि क्लाउडिया बाउर यांनी २००१मध्ये चिकित्सकपणे तपासली, तेव्हा तीतील अनेक प्रजातींना असा आधार सापडला नाही. सांता तेरेसात दूरदूरचे पक्षी आणून ठेवले जात असल्याने मूळचा कोणता आणि आणलेला कोणता, हा गोंधळही संभवतो. आपल्याच पत्रिकेत आपलेच लेख छापायचे तर बाहेरच्या तज्ज्ञाची चाळणी लागत नाही. एकट्याने उभे केलेल्या संस्थेचे हे बळही आणि उणेही.

आज संशोधक रुस्की यांची नोंद जशीच्या तशी घेत नाहीत. दुसऱ्या स्वतंत्र पुराव्याशी ती ताडून पाहतात. त्यांच्या चाहत्यांना हे कटू वाटते. पण दुर्मीळ पक्ष्याचा आढळ चुकीचा लिहिला गेला तर संवर्धनाचा पैसा आणि श्रम चुकीच्या ठिकाणी जातात. वाकड्या चोचीचा एक हर्मिट एस्पिरितो सांतो आणि दक्षिण बाहियाच्या सखल जंगलांतच उरला आहे. अशा पक्ष्याबाबत प्रत्येक नोंद खरी असणे गरजेचे ठरते.

मग त्यांचा वारसा कोणता?

ब्राझीलच्या अटलांटिक जंगलाचा बहुतांश भाग कॉफी, ऊस, गुरांची कुरणे आणि शहरांनी गिळला. उरलेले जंगल तुकड्यातुकड्यांत आहे. सांता तेरेसाच्या भोवती मात्र आजही घनदाट जंगल दिसते. सांता लुसिया आहे. जवळच सुमारे ३,६०० हेक्टरचे राखीव जंगल आहे. पूर्वी नोव्हा लोम्बार्दिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जंगलाला रुस्की यांच्या निधनानंतर त्यांचे नाव देण्यात आले. १९८०च्या दशकात त्यांचे संग्रहालय केंद्र सरकारकडे गेले आणि २०१४मध्ये त्याचे राष्ट्रीय अटलांटिक जंगल संस्थेत रूपांतर झाले. तेथील बागेत आजही बाटल्या टांगलेल्या असतात. नव्या पिढीचे संशोधक घड्याळ लावून कोण आले, कोणी कोणाला हाकलले याची मोजदाद करतात. त्यांचे निष्कर्ष इतर तज्ज्ञांच्या चाळणीतून गेल्यावरच छापले जातात.

रुस्की यांच्या यादीत चुका आहेत, हे याच संशोधकांनी शोधून काढले. ते शोधता आले, कारण ज्या जंगलात जाऊन पडताळणी करायची ते उभे होते. १९७७मध्ये सांता लुसिया तुटले असते तर रुस्की यांची नोंद बरोबर की चूक हे ठरवायला कुणाला जागाच उरली नसती. सह्याद्रीतील देवराया, घाटमाथ्यावरची बने आणि गावोगावच्या हौशी पक्षीनिरीक्षकांच्या वह्या यांनाही हे लागू पडते. वहीतील चूक पुढचा माणूस दुरुस्त करू शकतो. त्यासाठी शिंजीर ज्या झाडावर आला होता ते झाड मात्र जागेवर असावे लागते.